पंचेचाळीस अंशांचा इतिहास

एक किलोमीटरवर तोफेचा गोळा टाकायचा, तर त्याला कमीत कमी किती वेग द्यावा लागेल? हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर सपाट जमिनीवर सेकंदाला सुमारे ९९ मीटर. मात्र तोफेचे तोंड ४५ अंशांवर हवे. ३० किंवा ६० अंशांवर ठेवले, तर १०६ मीटर वेग लागतो. हे गणित आज अकरावीचे विद्यार्थी करतात. पण माणसाला इथवर यायला दोन हजार वर्षे लागली.

हातातून सुटलेल्या दगडाला हवाच पुढे ढकलते, असे अरस्तू म्हणत असे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ते नाकारले. पुढे इब्न सीनाने (९८०–१०३७) मांडले, की फेकणारा वस्तूला 'मैल' देतो. या अरबी शब्दाचा अर्थ कल किंवा ओढ. अडथळा नसेल, तर हा मैल संपणारच नाही. मात्र गोळा किती दूर जाईल, याचे गणित त्याच्याकडे नव्हते. 'सगळे आमच्या किताबांत होतेच' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. 'मुसलमानांनी फक्त ग्रीकांची भाषांतरे केली' म्हणणाऱ्यांनीही घ्यावे.

१५३१ साली इटलीतल्या व्हेरोना शहरात एका गोलंदाजाने तार्ताल्या या गणितज्ञाला विचारले, तोफ किती उचलली तर गोळा सर्वांत लांब जाईल? त्याचे उत्तर होते, ४५ अंश. उत्तर बरोबर होते, पण गोळ्याचा मार्ग त्याला नीट कळला नव्हता. माणसे मारण्याची कला सुधारणे पाप आहे, असे वाटून त्याने आपली टिपणे नष्ट केली. मग १५३७ मध्ये तुर्की सुलतान सुलेमानच्या स्वारीची धास्ती पसरली आणि त्याने तेच ज्ञान छापले. गोळ्याची वाट पॅराबोला असते, हे गॅलिलिओने सिद्ध करून १६३८ मध्ये प्रसिद्ध केले.

तार्ताल्याच्या पुस्तकानंतर बारा वर्षांनी, १५४९ मध्ये, अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी या उस्तादाने मलिक-ए-मैदान ओतली. विजापूरच्या बुरुजावरची ही तोफ पाहायला आपण मुलांना नेतो, तिचे वजन अभिमानाने सांगतो. सुटलेला गोळा पुढे का जातो, हा इब्न सीनाचा प्रश्नही तिथेच त्यांना सांगायला हवा. आणि आपल्याच पूर्वजांच्या धास्तीने एका ख्रिस्ती गणितज्ञाने आपल्या मनाची टोचणी बाजूला ठेवली, हेही.