टॅक्सी, कायदा आणि कारंज्याचा उतारू

नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागांत, कारंजा (घाडगे) हें तालुक्याचें गांव आहे. गांवाला आगगाडी नाहीं. बैलांच्या दमण्या मागें पडल्यापासून येथील उतारूची मदार मोटारीवरच आहे. टॅक्सीच्या धंद्यांतील नियमन आणि चढाओढ यांचा इतिहास अशा गांवीं उभें राहून पाहणें आम्हांस अधिक उद्बोधक वाटतें. कारण येथें कायद्याचें प्रत्येक कलम उतारूच्या सोयीशीं ताडून पाहतां येतें.

भाड्याच्या गाड्यांवरील पहिले निर्बंध उतारूच्या रक्षणार्थ झाले. मुंबईंत १८६३ चा आणि मध्यप्रांतासारख्या मुलखांत १८७९ चा कायदा. भाडें किती, गाडींत माणसें किती, हांकणारा कसा, हाच त्यांचा मुख्य विचार. १९१४ च्या मोटार कायद्यानेंहि नोंदणी व चालकाचा परवाना यांकडेच विशेष लक्ष दिलें. पुढें मात्र सूर पालटला. आगगाडीचे उतारू मोटारी पळवितात अशी सरकारास धास्ती पडली. १९३३ सालीं मिचेल व कर्कनेस यांचा अहवाल आला, आणि रेल्वे व रस्ता यांचा मेळ घालणें, मोटारींतील न परवडणारी चढाओढ रोखणें, हीं १९३९ च्या कायद्यांत नियंत्रणाचीं प्रयोजनें ठरलीं. ज्या गांवीं रूळच नव्हते त्यांसहि तोच न्याय!

याच कायद्यानें उतारूंच्या मोटारींच्या दोन जाती पाडल्या. टप्प्याटप्प्यास उतारू घेऊन माणशीं भाडें आकारणारी एक. संबंध गाडी ठरवून नेली जाणारी दुसरी. टॅक्सी दुसऱ्या जातींत पडली, आणि तिच्यांतील उतारूंनीं वेगवेगळें भाडें दिलें तरी तिची जात बदलूं नये, अशी पुस्तीहि जोडली गेली. विदर्भांतील काळी-पिवळी जीप या दोन जातींच्या शिवेवर उभी आहे: परवाना टॅक्सीचा, वागणूक बशीची.

स्वातंत्र्यानंतर आगगाडीची जागा सरकारी बशीनें घेतली. १९५४ सालीं सगीर अहमद खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालविण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. तथापि १९५६ च्या दुरुस्तीनें सरकारी वाहतुकीसाठीं मार्ग राखून ठेवण्याची तरतूद कायद्यांत आली. १९८८ च्या कायद्यानें परवान्यांचें धोरण सैल केलें, आणि टॅक्सींसारख्या गाड्यांची संख्या बांधून देण्याचा अधिकार निदान पांच लाख वस्तीच्या शहरांपुरताच ठेवला. राखीव मार्गांची तरतूद मात्र कायम राहिली.

एस. टी.चा कैवार घेणाऱ्यांचें म्हणणें पोकळ नव्हे. ती तोट्याच्या खेड्यांतहि जाते, २०२३ पासून स्त्रियांस अर्ध्या भाड्यांत नेते; जीप भरल्यावांचून हालत नाहीं, आणि कमाईचा तेवढाच उतारू टिपते. परंतु २०२१ च्या नोव्हेंबरांत एस. टी. संपानें थांबली, तेव्हां शासनानेंच अधिसूचना काढून खाजगी गाड्यांस उतारू नेण्याची मुभा दिली. काल जी चढाओढ घातक ती आज सेवा कशी झाली?

आमच्या मतें याचें उत्तर एकच. ब्रेक, विमा, भाडें आणि बैठकींची संख्या यांवर सरकारची नजर कडक हवी. त्यांत उतारूचा जीव गुंतलेला आहे. पण कोणी कोणाचा उतारू पळविला, या तक्रारींत उतारूस मालमत्ता मानलें जातें. पहिलें नियमन त्याच्यासाठीं होतें. पुढचें बहुतांशीं त्याच्यावरील मालकीसाठीं झालें. हा भेद राखला नाहीं, तर गाड्या कितीहि वाढल्या तरी कारंज्याचा उतारू कायद्याच्या हिशेबाबाहेरच राहील.