उपाशी राहून टिकलेली बुरशी

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात नायट्याच्या बुरशा वाढवणाऱ्या रेमों साबुरो यांना १८९०च्या दशकात एका गोष्टीने हैराण केले होते. साखर घातलेल्या माध्यमावर बुरशी जोमाने वाढे; पण पुढे तिच्यावर पांढरा, कापसासारखा थर चढे, बीजाणू धरणे थांबे आणि तिची ओळखच पुसली जाई. साबुरोंनी साखर वगळली. नुसत्या पेप्टोनवर, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांवर, बुरशी बेताने वाढली, पण तिचे रूप टिकले.

जपून ठेवलेली बुरशी मेली तर ते किमान कळते. नकळत बदललेली बुरशी मात्र रोगनिदान आणि औषधांच्या चाचण्या, दोन्ही चुकवते.

नेदरलँड्समध्ये १९०४ साली बुरशींचा मोठा संग्रह सुरू झाला आणि १९०७ पासून योहाना वेस्टरडाइक यांनी तो अर्धशतकभर वाढवला. त्या सुरुवातीच्या काळात जुन्या नळीतली बुरशी ठरावीक काळाने नव्या नळीत लावणे, हाच रिवाज होता. दर वेळी बाहेरचे बीजाणू शिरण्याची धास्ती असे. सूक्ष्म माइट किडे तर नळ्यांमधून फिरत एकीची बुरशी दुसरीत नेत.

कोलंबोत उष्ण प्रदेशांतल्या रोगांवर काम केलेल्या आल्दो कास्तेलानी यांनी १९३९ मध्ये अन्नच काढून टाकले. निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरच्या कुपीत बुरशी सोडायची आणि झाकण घट्ट लावायचे, एवढीच कृती. अन्नावाचून बुरशी वाढत नाही, म्हणून बदलण्याची संधीही तिला क्वचितच मिळते; तरी अनेक जाती अशा पाण्यात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. फ्रीज लागत नाही, वीज गेली तरी बिघडत नाही. म्हणून लहान प्रयोगशाळांत ही रीत आजही चालते.

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या केनेथ रेपर आणि डोरोथी अलेक्झांडर यांनी गोठवून, निर्वातात सुकवलेल्या बुरशा जगतात हे दाखवले. बीजाणू न धरणाऱ्या बुरशांना मात्र ते सुकणे सहसा सोसत नाही. त्यांच्यासाठी पुढे उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन आला.

चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. अशा साठ्याचे मोल ‘कँडिडा ऑरिस’ने दाखवून दिले. अनेक औषधांना दाद न देणारी, रुग्णालयांत पसरणारी ही यीस्ट २००९ मध्ये जपानमधून प्रथम नोंदली गेली. दोन वर्षांनी दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातून मिळालेले जुने नमुने डीएनएवरून पुन्हा तपासले. त्यांतल्या १९९६ च्या एका नमुन्यात तीच निघाली. नाव मिळण्याआधी तेरा वर्षे ती माणसाच्या रक्तात पोचलेली होती.