ओळीत राहिलेला पत्ता

१९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाचा एक तरुण एका जुन्या गाण्यातल्या गावाच्या शोधात निघाला. तबकडी १९२८ची होती, गाणं ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ आणि गायक मिसिसिपी जॉन हर्ट. ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्कला आलेल्या हर्ट यांना तिथे गावाची आठवण आली, आणि त्यांनी ती गावाच्या नावासकट गाण्यात घातली. पुढे पस्तीस वर्षं त्यांचा मागमूस कुणाला नव्हता. हॉस्किन्सला एका जुन्या नकाशात ग्रीनवूड आणि ग्रेनाडा यांच्यामध्ये अ‍ॅव्हलॉन हे खेडं सापडलं. तो तिथे पोहोचला, गावातल्या दुकानात चौकशी केली. हर्ट तिथेच राहत होते. वय सत्तरीच्या घरात, शेतावरची राबणूक चालू, स्वतःची गिटारही उरलेली नाही. दारात अनोळखी गोरा माणूस पाहून त्यांना वाटलं, हा सरकारी तपासासाठी आला असणार. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते गायले आणि उरलेली तीन वर्षं श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

त्याच १९६३ साली जॉन फेही आणि एड डेन्सन या दोघांनी अशीच एक चाल केली. बुक्का व्हाइट यांनी १९४० साली ‘अ‍ॅबरडीन मिसिसिपी ब्लूज’ गायलं होतं. तेवढ्या आधारावर दोघांनी एक पत्र टाकलं: बुक्का व्हाइट, जुने ब्लूज गायक, अ‍ॅबरडीन, मिसिसिपी. ना घर, ना रस्ता. व्हाइट यांनी ते गाव केव्हाच सोडलं होतं आणि ते मेम्फिसमध्ये एका कारखान्यात कामाला होते. तरीही फिरत फिरत पत्र त्यांच्या हाती पडलं.

कंट्री ब्लूज म्हणजे एका माणसाचा गळा, एक गिटार आणि मनातली खंत, अशी समजूत पक्की आहे. ती अपुरी आहे. या गाण्यांच्या ओळींमध्ये गावं आहेत, रेल्वेचे फाटे आहेत, तुरुंग, पूर, दुष्काळ, कापसावरची कीड आणि हवालदारांची नावंसुद्धा आहेत. ज्यांची दखल वर्तमानपत्रं घेत नव्हती आणि ज्यांना मतदानाचा हक्क बजावू दिला जात नव्हता, त्यांनी आपल्या काळाची नोंद या तीन मिनिटांच्या गाण्यांत करून ठेवली.

ही गाणी ज्या मातीतली, तो मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला सपाट, काळ्याभोर जमिनीचा पट्टा ‘डेल्टा’ म्हणून ओळखला जातो. गुलामगिरी कायद्यानं संपली, पण कापसाचे मळे गोऱ्या मालकांचेच राहिले आणि राबणारे कृष्णवर्णीयच राहिले. जमीन, बियाणं, खेचर सगळं मालकाचं. कुळानं पीक काढायचं आणि त्यातला वाटा घ्यायचा. वर्षभराचं पीठमीठ मळ्यावरच्या दुकानातून उधारीवर यायचं. हंगाम संपला की हिशेब व्हायचा आणि वही मालकाच्याच हातात असल्यानं बहुतेकांच्या नावावर कर्जच निघायचं. विल डॉकरी यांनी १८९५ साली जंगल तोडून वसवलेला डॉकरी मळा त्यातला नावाजलेला. ब्लूज गायक चार्ली पॅटन याच मळ्यावर वाढले, आणि हाउलिन वुल्फ यांनी तिथेच पॅटन यांच्याकडून गिटारचे धडे घेतले.

या संगीताच्या ज्या सर्वांत जुन्या आठवणी लिहिल्या गेल्या, त्यांतल्या एकीतही पत्ताच आहे. १९०३च्या सुमारास संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी टटवायलर या लहानशा स्टेशनावर रखडलेल्या गाडीची वाट पाहत बसले होते. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता. ‘सदर्न’ नावाची रेल्वे आणि लोक जिला ‘डॉग’ म्हणत ती रेल्वे जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आपण निघालो आहोत, एवढाच त्या गाण्याचा मजकूर. ती जागा म्हणजे मूरहेड गाव. त्या गायकाचं नाव कुणी टिपलं नाही, पण तो कुठे चालला होता ते आज सगळ्या जगाला माहीत आहे.

ओळींची घडण साधी होती. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तेवढ्या अवधीत सुचलेल्या तिसऱ्या ओळीनं यमक जुळवून मुद्दा पुरा करायचा. जात्यावरच्या ओव्यांसारख्याच या ओळी कुणा एकाच्या मालकीच्या नव्हत्या. टेक्सासमध्ये ऐकलेली ओळ मिसिसिपीतल्या गाण्यात शिरायची, मेम्फिसचा गायक तिला आपल्या गावचं नाव जोडायचा. प्रत्येकाची ओळख ठरायची ती या सामाईक साठ्यात त्यानं स्वतःचं काय घातलं यावरून.

तबकड्यांचा धंदा १९२०च्या दशकात या गायकांपर्यंत पोहोचला. पॅरामाउंट ही कंपनी मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा. लाकडी फोनोग्राफ खपायचे तर तबकड्याही हव्यात, असा तो हिशेब होता. टेक्सासचे अंध गायक ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्या तबकड्या १९२६पासून धडाधड खपल्या आणि कंपन्यांचे डोळे उघडले. जॅक्सन शहरातल्या फॅरिश स्ट्रीटवर दुकान चालवणारे एच. सी. स्पीर गायक हेरून कंपन्यांकडे पाठवू लागले. पॅटन आणि स्किप जेम्स त्यांच्याच मार्फत पुढे आले. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात तबकड्यांच्या जाहिराती यायच्या आणि रेल्वेतले पोर्टर ते वृत्तपत्र दक्षिणेत पोहोचवायचे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्र रात्र चालणाऱ्या नाचगाण्यातला मजकूर तेवढ्यात बसवावा लागे, त्यामुळे ओळी आटोपशीर आणि धारदार झाल्या.

पॅटन यांना मात्र एकदा तीन मिनिटं पुरली नाहीत. २१ एप्रिल १९२७ रोजी ग्रीनव्हिलच्या वर माउंड लँडिंग इथे मिसिसिपीचा बांध फुटला. त्या वर्षीच्या महापुरात सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. ग्रीनव्हिलला हजारो कृष्णवर्णीय मजूर बांधावरच्या छावण्यांत अडकले. त्यांना बंदुकीच्या धाकाखाली कामाला जुंपलं गेलं आणि परवान्याशिवाय बाहेर पडायला मनाई होती. १९२९ साली पॅटन यांनी पॅरामाउंटच्या ग्राफ्टनमधल्या स्टुडिओत ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ तबकडीच्या दोन्ही बाजू भरून गायलं. गाणं पाण्याबरोबर गावोगाव सरकतं: समनर, लेलँड, ग्रीनव्हिल, रोझडेल. डोंगराळ भागात आसरा घ्यावा म्हटलं तर तिथे मज्जाव, हेही ते सांगतं. घोगऱ्या आवाजात, गिटारच्या लाकडावर ठोके देत पॅटन गावांची नावं घेत जातात, तेव्हा पूर वर चढत असल्याचा भास होतो. टेक्सासमार्गे आलेल्या आणि कापसाचं बोंड पोखरणाऱ्या किडीवरही त्यांचं गाणं आहे, आणि मेरिगोल्ड गावात त्यांना दारूपायी पकडणाऱ्या अधिकाऱ्यावरही.

डेल्टातलेच गायक सन हाउस यांचं म्हणणं वेगळं होतं. उतारवयात ते श्रोत्यांना ठासून सांगत, की ब्लूज फक्त एकाच गोष्टीचा असतो, प्रेमात पडलेल्या स्त्री-पुरुषांमधल्या दुखण्याचा, बाकी सगळी माकडचेष्टा. हे त्यांचं सर्वांत गाजलेलं बोलणं. पण त्यांच्याच १९३०च्या ध्वनिमुद्रणांत ‘ड्राय स्पेल ब्लूज’ आहे, आणि ते त्या वर्षीच्या अवर्षणाचं गाणं आहे. करपलेलं पीक आणि हवालदिल माणसं त्यात आहेत. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या संग्राहकांनी लेक कॉर्मोरंट इथल्या एका दुकानात त्यांना गायला बसवलं. दुकान रुळांलगत होतं, आणि गाणं चालू असताना धडधडत गेलेली आगगाडी त्या ध्वनिमुद्रणात आजही स्पष्ट ऐकू येते.

टेनेसीतल्या ब्राउन्सव्हिलचे स्लीपी जॉन एस्टेस तर गावाचे बखरकारच. शेजारणीच्या घराला लागलेली आग, पुराच्या पाण्यात गाडीसकट पडून मरता मरता वाचणं, अडीअडचणीला धावणारे गावातले वकील क्लार्क, या सगळ्यांवर त्यांची गाणी आहेत. त्यांचा ब्लूज ऐकला की ब्राउन्सव्हिलची वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते.

रॉबर्ट जॉन्सन यांच्या ओळींवर मात्र दंतकथेचं ओझं पडलं. रात्री चौरस्त्यावर त्यांनी सैतानाला आत्मा विकून कला मिळवली, ही कथा जगभर पसरली. तशी कथा त्यांच्या आधीच्या टॉमी जॉन्सन या गायकाबद्दल टॉमी यांच्याच भावानं सांगितली होती. १९३६ सालच्या ‘क्रॉस रोड ब्लूज’मध्ये सैतानाशी सौदा नाहीच. त्यात गुडघे टेकून देवाची करुणा भाकणारा, जाणाऱ्या गाड्यांना हात करणारा एक माणूस आहे. कुणी थांबत नाही आणि दिवस मावळत चालला आहे. आपली ही दशा विली ब्राउनला कळवा, असं तो म्हणतो, आणि विली ब्राउन हे त्यांचे खरोखरचे गिटारवादक मित्र होते. त्या काळच्या मिसिसिपीत परक्या गावात अंधार पडल्यावर एकट्या कृष्णवर्णीय माणसाच्या जिवाला काय धोका असे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गाण्यातली भीती समजायला सैतानाची गरज पडत नाही.

सगळंच उघड बोलता येत नव्हतं. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये लोमॅक्स यांनी बिग बिल ब्रून्झी, मेम्फिस स्लिम आणि सनी बॉय विल्यमसन या तिघा ब्लूज कलाकारांना बोलतं केलं. मालकाला शिव्या हासडायची सोय नाही, म्हणून माणूस खेचराच्या मागे उभा राहून त्या खेचराला कसा ऐकवतो, आणि ब्लूज म्हणजे तसाच गाण्यातून उगवलेला सूड कसा असतो, हे ते मोकळेपणानं बोलले. पण ध्वनिमुद्रण ऐकल्यावर तिघेही हादरले. दक्षिणेत त्यांचे नातेवाईक होते. आमची नावं बाहेर येता कामा नयेत, असं त्यांनी लोमॅक्स यांना बजावलं. पुढे तबकडी निघाली ती खोट्या नावांनी. खरी नावं १९९० साली छापली गेली, तोवर तिघांपैकी कुणीही हयात नव्हतं. गाण्यात गावाचं, पोलिसाचं, मित्राचं नाव घेणं ही किती हिमतीची गोष्ट होती, ते या एका प्रसंगावरून कळतं.

ओळी पुढे दूरवर गेल्या. जेफरसन यांचं ‘मॅचबॉक्स ब्लूज’ कार्ल पर्किन्स यांच्यामार्फत बीटल्सपर्यंत पोहोचलं. स्किप जेम्स यांचं १९३१चं ‘आय अ‍ॅम सो ग्लॅड’ क्रीम या ब्रिटिश बँडनं १९६६ साली गायलं, आणि त्या मानधनाचा जेम्स यांना अखेरच्या आजारपणात आधार झाला. असा मोबदला फार थोड्यांच्या वाट्याला आला.

माझं थडगं स्वच्छ ठेवा, अशी विनवणी करणारं गाणं जेफरसन यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केलं होतं. डिसेंबर १९२९मध्ये शिकागोत ते गेले आणि त्यांचा देह टेक्सासमधल्या वॉर्थम इथे पुरला गेला. तिथे १९६७पर्यंत नावाची पाटीसुद्धा नव्हती. पॅटन १९३४ साली गेले, आणि होली रिज इथल्या त्यांच्या थडग्यावर दगड बसायला १९९१ साल उजाडलं. डिसेंबर २००६मध्ये मिसिसिपी राज्यानं ब्लूजच्या जागांवर माहितीचे फलक लावायला सुरुवात केली, तेव्हा पहिला फलक होली रिजलाच लागला. आज अशा फलकांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. ज्या राज्यानं पॅटन यांना कधी मत देऊ दिलं नाही, त्याच राज्याच्या फलकावर आता प्रवासी थांबून त्यांचं नाव वाचतात.