दसऱ्यानंतरचा मुक्काम

लष्कराच्या कोणत्याही कायम वस्तीस आज आपण छावणी म्हणतो. मराठेशाहीत या शब्दाचा अर्थ पुष्कळच अरुंद होता. छावणे म्हणजे शाकारणे. पावसाळ्याचे चार महिने गवताने शाकारलेल्या छपराखाली सैन्य जेथे थांबे, ती छावणी. दसऱ्यास सीमोल्लंघन झाले की हे छप्पर मागे राही आणि पुढचे आठ महिने आभाळाखाली काढावे लागत. मग कागदांत मुक्काम, तळ, गोट असे शब्द येऊ लागतात. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लढाईचा दिवस सविस्तर असतो. परंतु लढाईच्या एका दिवसामागे मुक्कामाचे कितीतरी दिवस असत, आणि ते नीट पार पडले नाहीत तर लढाईचा दिवस उजाडतच नसे. म्हणून आज वसईचा किल्ला थोडा बाजूस ठेवून, किल्ल्याबाहेर उघड्यावर राहणाऱ्यांकडे पाहू.

आपला हा मुलूख मुक्कामास दिसतो तितका सोपा नाही. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पूर्वेस खाजण आणि मिठागरे, त्यापलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर. पाणी चहूकडे, पण पिण्याजोगे ठराविक जागीच. किनारपट्टीच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरून राहते. त्याच्या खाली आणि बाजूस खारे पाणी टपलेलेच असते. विहीर बेताने उपसावी तोवर गोडी, अधिक उपसली की मचूळ. आपल्या वाडीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. बावखले खणून त्यांनी तेच पाणी जपले आणि त्यावर रहाट फिरवून केळी व पानवेली पिकवल्या. हजारो माणसे आणि जनावरे घेऊन येणाऱ्या सरदारास मात्र हे शिकण्यास वेळ नसे.

ऋतूचे हे गणित न कळणाऱ्यास येथे यश आले नाही. सन १७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी ठाणे व अर्नाळा घेतले, पण त्या पावसाळ्यात वसई हाती लागली नाही. चिमाजी अप्पांनी अखेरचा वेढा घातला तो १७३९ च्या फेब्रुवारीत, आणि मे महिन्यात, म्हणजे मृग अगदी तोंडावर आला असता, किल्ला शरण आला. आणखी महिनाभर पोर्तुगीज तगले असते तर सुरुंगांच्या जागी चिखल झाला असता. पुढे १७८० मध्ये जनरल गॉडर्डने हेच जाणून दसरा होऊन गेल्यावर, नोव्हेंबरात वेढा घातला आणि ११ डिसेंबरास किल्ला घेतला. दुसऱ्याच दिवशी दुगाडजवळ रामचंद्र गणेश यांनी हार्टलेच्या फौजेवर दाट धुक्याच्या आडून चाल केली. धुके अवचित विरले, मराठे उघड्यावर सापडले आणि रामचंद्र गणेश पडले. ज्या थंडीने मुक्काम सुखाचा केला, तिच्याच धुक्याने ऐनवेळी दगा दिला.

पेशवाई गेली, पण दसऱ्यानंतरचा तंबू गेला नाही. इंग्रजी अमलात कलेक्टर व त्याचे मदतनीस पावसाळा संपताच जिल्ह्यात फिरतीवर निघत. तंबू बहुधा दोन संच असत: एकात साहेब राही, दुसरा बैलगाडीने पुढच्या गावी रवाना होई. जागा निवडण्यात कसब होते. आमराई हवी, विहीर किंवा तळे जवळ हवे, गाव हाकेच्या अंतरावर पण गलक्यापासून दूर हवे, आणि जमीन भाताच्या ताज्या ओलीची नको. साहेबांच्या आठवणींत या दिवसांची वर्णने मोठी रम्य असतात; गार सकाळ, शिकार, संध्याकाळची शेकोटी.

ती शेकोटी कोणाच्या लाकडांची होती, हे मात्र त्या आठवणींत क्वचितच सापडते. मुक्कामास लाकूड, गवत, दूध, कोंबडी लागे. पुरवठा पाटलाने करावयाचा, आणि पाटील तो गरिबातल्या गरिबावर ढकली. पैसे द्यावेत असा नियम असला तरी ते वाटेत झिरपून जात. ओझी वाहण्यास वारली व काथोडी धरून आणीत. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीतील वेठीचे वर्णन सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्याच १९३९ च्या अहवालात आहे. तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात १९४५ साली वारल्यांनी गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वेठ नाकारली, ती मुख्यतः सावकार-जमीनदारांची. पण वेठीची सवय लावण्यात तंबूवाल्या साहेबांचाही वाटा होता, असे मला वाटते. शिवाजीमहाराजांचे चिपळूणकडील छावणीस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस काडीचाही त्रास देऊ नये, अशी त्यातील सक्त ताकीद आहे. एवढी ताकीद लिहावी लागली यावरूनच एरवी काय चालत असेल ते ओळखावे.

याच्या उलट मुक्काम धनगरांचा. दिवाळीनंतर ते मेंढरे घेऊन घाट उतरतात. भात कापलेल्या शेतात वाडा पडतो, मेंढरांचे लेंडीखत जमिनीस मिळते, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य वा पैसा देतो. येथे पाहुण्यालाच यजमान मोबदला देतो! शिवाय ठरल्या रात्री होताच वाडा हलतो.

मुक्काम किती दिवसांचा, हा प्रश्न जगात इतरत्रही आहे. अमेरिकेच्या नैऋत्येस, ॲरिझोनाच्या वाळवंटात, थंडीत हजारो लोक चाकांवरची घरे घेऊन येतात. नळ नाही, विजेची तार नाही. पाणी टाकीत आणायचे, वीज सूर्यापासून घ्यायची. जमीन सरकारी, म्हणून बहुतेक ठिकाणी १४ दिवसांनी जागा सोडावी लागते. क्वार्ट्‌झसाइट गावाजवळ १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल दीर्घ मुक्कामाची परवानगी शुल्क भरून मिळते. ही सोय १९८३ पासूनची. एकांत हवा त्याने डांबरी सडक सोडून आत जावे, परंतु पावसाच्या ओढ्याच्या पात्रात उतरू नये, कारण दूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस तेथे न सांगता येतो. आपल्याकडील वाडाकऱ्यास हे नव्याने सांगावे लागणार नाही.

वसईत आता असा मुक्काम कोठे टाकावा? आमराया तुटल्या, कित्येक बावखले भरावाखाली गेली, आणि शहरे वाढताना टँकरांनी विहिरी उपसल्या. निर्मळच्या तळ्याकाठी कार्तिक वद्य एकादशीस अजून यात्रा भरते, दुकानदारांची पाले पडतात. बाकी दिवाळीनंतर या तालुक्यात उघड्यावर येऊन राहतात ते वीटभट्ट्यांवरचे कातकरी. पेंढ्याचा आणि कच्च्या विटांचा कोप बांधून कुटुंबे पाऊस पडेपर्यंत तेथेच असतात. उचल दिवाळीपूर्वीच घेतलेली असते, म्हणून जागा कोणती आणि मुक्काम किती, हे ठरवणे त्यांच्या हाती नसते. ते भट्टीमालक ठरवतो.