सतत खाज येणाऱ्या माणसाच्या मनावर काय परिणाम होतो?

कुणी उगाच भांडण उकरून काढलं की आपण म्हणतो, 'खाजवून खरूज काढली.' कुणी नसते उद्योग केले की 'याला फार खाज आहे.' मराठीत खाज हा चेष्टेचा विषय. त्यामुळे ज्याला खरंच महिनोन् महिने खाज सुटते, तो घरातही नीट सांगत नाही.

सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खाजेला डॉक्टर जुनाट खाज म्हणतात. इसब, सोरायसिस, नायटा ही नेहमीची कारणं. पण किडनी, यकृत किंवा थायरॉइड बिघडलं तरी अंगावर पुरळ नसताना खाज येऊ शकते.

आधी झोप जाते

रात्री त्वचेचं तापमान वाढतं, दाह आवरणारं कॉर्टिसॉल कमी होतं आणि लक्ष दुसरीकडे वळवायलाही काही नसतं. म्हणून खाज रात्री जास्त छळते. रोजची झोपमोड झाली की चिडचिड, विसराळूपणा, कामात लक्ष न लागणं हे ओघानं येतंच.

'खाजवू नकोस' म्हणून थांबत का नाही?

खाजवल्यावर त्वचेला थोडी वेदना होते आणि ती खाज दाबते, म्हणून क्षणभर बरं वाटतं. पण ती वेदना कमी करायला मेंदू सेरोटोनिन सोडतो. २०१४ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात हेच सेरोटोनिन खाज पुन्हा वाढवतं, असं दिसलं. त्यात मनावरचा ताणही खाज वाढवतो. खाजेमुळे ताण, ताणामुळे खाज असं हे चक्र आहे. यात रुग्णाच्या मनाचा कमकुवतपणा नसतो.

लोक काय म्हणतील?

'आपल्यालाही लागेल' या भीतीनं लोक लांब बसतात. इसब आणि सोरायसिस संसर्गजन्य नाहीत, हे अनेकांना माहीतच नसतं. मग उन्हाळ्यातही फुल बाह्यांचा शर्ट, लग्नकार्याला दांडी आणि हळूहळू एकटेपणा. युरोपातल्या १३ देशांमधल्या त्वचारुग्णांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १० टक्के रुग्णांना नैराश्य आणि १७ टक्के रुग्णांना चिंतेचा त्रास होता. त्वचारोग नसलेल्यांपेक्षा हे प्रमाण जास्त होतं.

मग करायचं काय?

नखं बारीक ठेवा. अंघोळीला कोमट पाणी घ्या आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. खाज आली की थंड पाण्याची घडी ठेवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडची ट्यूब आणू नका, तिनं नायटा दबल्यासारखा वाटतो आणि आणखी पसरतो.

आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात की फक्त चट्टे दाखवून उठू नका. झोप किती होते, मन उदास राहतं का, जगणं नकोसं वाटतं का, हेही सांगा. त्यावरून उपचार बदलू शकतात. मनाचा भार असह्य झाला तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

घरात कुणी सतत खाजवत असेल, तर ओरडण्याआधी एवढंच विचारा, 'रात्री झोप लागली का?'