केतुबातले वर्ष आणि आयर्लंडचा आर्चबिशप

आपल्या केतुबावर लिहिलेले वर्ष सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेले असते आणि दर नव्याच्या सणाला त्यात एकाची भर पडते. हल्ली नातवंडे शाळेतून जीवशास्त्र शिकून येतात आणि विचारतात की जग सहा हजार वर्षांचेही नाही, तर डायनासोर कधी होऊन गेले? त्यांना गप्प बसविण्यापेक्षा आयर्लंडची एक हकीकत सांगणे आम्हांस बरे वाटते.

जेम्स अशर १५८१ साली डब्लिनमध्ये जन्मला, तेथल्याच ट्रिनिटी कॉलेजात शिकला आणि पुढे आर्माचा आर्चबिशप झाला. हिब्रूचा त्याचा व्यासंग मोठा. १६५० साली छापलेल्या लॅटिन ग्रंथात त्याने हिशेब करून सांगितले की सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ साली, २३ ऑक्टोबरच्या आदल्या सायंकाळी झाला. (दिवस सांजेपासून धरायचा, हे आपलेच!) पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात त्याची साले छापली जाऊ लागली आणि वाचणारे त्यांनाही शास्त्रवचन मानू लागले.

आपले गणित ‘सेदेर ओलाम’ या ग्रंथाचे. दुसऱ्या शतकातील रब्बी योसे बेन हलाफ्ता यांचा तो मानला जातो. त्याप्रमाणे आरंभ इसवी सनापूर्वी ३७६१ साली. तोरा एकच, मग २४३ वर्षांचा फरक का? तेराह सत्तर वर्षांचा असताना अब्राहाम जन्मला, असे आपण धरतो. अशर म्हणतो, तेराह २०५ वर्षांचा होऊन वारला आणि त्यानंतर अब्राहाम पंचाहत्तराव्या वर्षी हारानहून निघाला. म्हणून जन्मसमयी बाप १३० वर्षांचा असला पाहिजे. साठ वर्षे येथेच वाढली. शिवाय आपल्या मोजणीत दुसरे बेथ हामिकदाश ४२० वर्षे उभे होते, तर इतिहासकारांच्या मते सुमारे ५८५. आपल्याकडे इराणी राजांचा काळ फार आखूड धरला गेला आहे. दोन्ही वह्यांत बेरीज चुकलेली नाही, आकडे मात्र वेगळे घेतले आहेत. म्हणजे हे वर्ष माणसांनी काढलेले आहे. तोरेत ते कोठेही लिहिलेले नाही.

आयर्लंडचा वाद पुढे जीवसृष्टीवर आला. कार्लो परगण्यात जन्मलेला जॉन टिंडल १८७४ च्या ऑगस्टमध्ये बेलफास्टला ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलला. डार्विनचा आधार घेऊन तो म्हणाला की विश्वाची उपपत्ती सांगण्याचे क्षेत्र धर्मशास्त्राने विज्ञानाला सोडून द्यावे. कॅथलिक आणि प्रेसबिटेरियन एरव्ही एकमेकांचे तोंड पाहात नसत, पण टिंडलवर दोघेही तुटून पडले. तीनच वर्षांपूर्वी त्याच संस्थेच्या अध्यक्षपदावरून बेलफास्टचाच विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, सृष्टीत बुद्धिपुरस्सर रचनेचे पुरावे जागोजागी दिसतात असे बोलला होता. पण सहा हजार वर्षे त्यालाही मान्य नव्हती. पृथ्वीचे वय तो कोट्यवधी वर्षांत मोजत असे. रचना मानणे आणि अशरचे साल मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोक विसरतात. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर षट्कोनी खांबांचा खडक आहे. लाव्हा निवताना तो तडकला, त्याला सुमारे सहा कोटी वर्षे झाली. २०१२ साली तेथील नव्या केंद्रात जग कोवळे मानणाऱ्यांच्या मताचाही उल्लेख केला गेला, तेव्हा गदारोळ उठून काही महिन्यांत मजकूर बदलावा लागला.

रचनेचे आश्चर्य आपल्यालाही आहे. ‘अशेर यात्सार’ म्हणताना शरीरातील द्वारे आणि पोकळ्या शहाणपणाने घडविणाऱ्याचे आपण आभार मानतो. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे ते ही प्रार्थना जरा सावकाश म्हणतात. पण या प्रार्थनेत सालाचा हिशेब नाही. रामबामनी बाराव्या शतकातच सांगितले की उत्पत्तीचा वृत्तांत सगळा शब्दशः घ्यायचा नाही. राव कूक यांनी १९०५ साली एका पत्रात लिहिले की उत्क्रांतीमुळे तोरेला बाध येत नाही.

त्या राव कूकांच्या जागी १९३६ साली निवडले गेले ते आयर्लंडचे मुख्य रब्बी यित्सहाक हरझोग. तरुणपणी लंडन विद्यापीठासाठी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी तसितसच्या तखेलेत रंगाचा शोध घेतला होता. रादझिनच्या हसिदीम लोकांचा निळा दोरा समुद्रजीवापासून रंगविलेला मानला जाई. हरझोगनी तो रसायनशास्त्रज्ञांकडून तपासून घेतला. तो साधा प्रशियन ब्लू निघाला, आणि त्यांनी तसेच लिहून टाकले.