रिवॉर्ड क्रेडिट कार्ड घेताय? कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आधी हे गणित मांडावे

बारावी झाली की तालुक्यातली मुलं-मुली शिकायला पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर गाठतात. तिथे मॉलमध्ये स्टॉलवर, मोबाईलवर, कधी थेट फोन करून एकच आग्रह सुरू असतो : ‘कार्ड घ्या, प्रत्येक खर्चावर पॉइंट मिळवा.’ पॉइंट मिळतात हे खरे. मात्र विद्यार्थ्याच्या खर्चात ते किती बसतात आणि एक बिल चुकले तर काय होते, हे आधी पाहिलेले बरे.

किसान क्रेडिट कार्डाशी गल्लत नको

गावात ‘क्रेडिट कार्ड’ म्हटले की किसान क्रेडिट कार्ड आठवते. ते पीक कर्ज आहे. त्याचा व्याजदर ७ टक्के असून वेळेत फेडणाऱ्याला आणखी सवलत मिळते. बाजारातल्या खरेदीच्या कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला ३ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज लागू शकते. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

पॉइंटचे खरे मोल

‘१०० रुपयांना २ पॉइंट’ ऐकायला बरे वाटते. पण एका पॉइंटची किंमत २५ पैसे असेल, तर हातात येतात फक्त ५० पैसे. म्हणून पॉइंट किती हे विचारू नये, त्याचे रुपये किती होतात ते विचारावे.

समजा मेस, पुस्तके, रिचार्ज मिळून कार्डावर महिन्याला ४,००० रुपये खर्च होतात. १ टक्का कॅशबॅक धरला तरी महिन्याचे ४० आणि वर्षाचे ४८० रुपये होतात. कार्डाची वार्षिक फी ४९९ रुपये असेल, तर जीएसटी धरून ५८९ रुपये जातात. म्हणजे वर्षभर कार्ड वापरूनही खिशातलेच शंभर गेले. त्यामुळे विद्यार्थ्याने कायमची मोफत, वार्षिक फी नसलेली कार्डेच पाहावीत. ‘पहिले वर्ष फ्री’ ही वेगळी गोष्ट आहे.

‘मिनिमम ड्यू’चा फास

बिलावर दोन आकडे असतात : एकूण रक्कम आणि किमान रक्कम. ४,००० च्या बिलात २०० रुपये भरून मोकळे झाले, की उरलेल्या ३,८०० वर ३.५ टक्क्यांनी महिन्याला १३३ रुपये व्याज, वर जीएसटी, असे सुमारे १५७ रुपये लागतात. चार महिन्यांचे पॉइंट एका फटक्यात गेले. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर फी लागतेच आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

उत्पन्न नाही, मग कार्ड कसे?

पगार नसलेल्या १८ वर्षांवरील विद्यार्थ्यासाठी मुदत ठेवीवर, म्हणजे एफडीवर मिळणारे कार्ड हा सोपा मार्ग आहे. मर्यादा ठेवीच्या रकमेवर ठरते, ठेवीचे व्याज चालू राहते आणि बिल थकले तर बँक ठेवीतून वसूल करते. दुसरा मार्ग वडिलांच्या किंवा आईच्या कार्डावरचे जोडकार्ड. त्यात परतफेडीची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. मुलाने केलेला खर्च थकला, तर घरच्यांचा सिबिल स्कोअर घसरतो आणि उद्या ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जाला अडचण येते.

कार्ड निवडताना हे पाहा

- रुपे कार्ड असेल तर यूपीआयला जोडता येते. ही सोय २०२२ पासून आहे. मात्र दुकानदाराचा व्यापारी क्यूआर लागतो. वैयक्तिक क्यूआरवर किंवा मित्राला पैसे पाठवायला ते चालत नाही.
- यूपीआय, पेट्रोल, वॉलेट यांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात.
- दुसऱ्या ॲपवरून कॉलेजची फी भरल्यास काही बँका १ टक्का शुल्क घेतात.
- पॉइंटची मुदत किती, आणि ते वटवायला वेगळी फी आहे का?
- खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापले जाण्याची सोय सुरू करावी.

नियम तुमच्या बाजूने

रिझर्व्ह बँकेचे कार्डविषयक निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार न मागता कार्ड गळ्यात मारता येत नाही. थकबाकी नसेल, तर अर्ज दिल्यावर कार्ड ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करावे लागते. उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. ‘पॉइंट संपताहेत’ म्हणून फोन आला, तर ओटीपी देऊ नये. फसवणूक झालीच तर लगेच बँकेला आणि १९३० क्रमांकावर कळवावे.

सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल फुकट मिळतो. पुढे नोकरी लागल्यावर किंवा धंद्यासाठी कर्ज मागताना बँक तोच पाहते. विद्यार्थ्याच्या कार्डाची खरी कमाई वर्षाच्या चारपाचशे रुपयांच्या पॉइंटमध्ये नाही, दर महिन्याला वेळेत भरलेल्या पूर्ण बिलात आहे. ज्याला ते जमणार नसेल, त्याने सध्या डेबिट कार्डावरच भागवावे.